माशी हलते म्हणजे नेमकं काय हलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायफल जुनी लष्करी, बोल्ट-अ‍ॅक्शन, थ्री-नॉट-थ्री, ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३. पुढची माशी, म्हणजे नेम धरायला नळीच्या तोंडाजवळ बसवलेली खूण (फ्रंट साइट), अंगठ्याने रेटली की जरा डावी-उजवीकडे सरकते. शंभर मीटरवर पूर्वी बरा ग्रुप (गोळ्यांचा जवळजवळ पडलेला पुंजका) यायचा, आता गोळ्या कधी इकडे, कधी तिकडे. एकाने सांगितलं, लॉकटाइटचा (धातूचे सांधे पक्के करणाऱ्या गोंदाचा) थेंब सोडून दे. दुसरा म्हणाला, सेंटर पंच (धातूवर टिंब उमटवायचं टोकदार हत्यार) लावून दोन ठोके घाल. कोणाचं ऐकू?

तूर्तास कोणाचंच ऐकू नका. दोघंही औषध सांगतायत आणि दुखणं कुठे आहे ते अजून कोणी पाहिलेलंच नाही. माशी हा एक तुकडा नसतो. नळीवर बैठक, बैठकीत पातं, आणि त्याभोवती नोजकॅपचे (लाकडाच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपीचे) कान अशी ती उतरंड आहे. यातला कुठलाही सांधा सैल झाला तरी अंगठ्याला एकच कळतं, 'हललं'. पात्याचा उपाय बैठकीला लागू पडत नाही आणि बैठकीचा उपाय पात्यावर केलात तर चांगलं पातं वाया जातं.

हे एवढं महत्त्वाचं का, ते आकड्यात बघा. मार्क ३ मध्ये मागची साइट (नेम धरायची मागची खाच) नळीवर पुढे बसवलेली आहे, त्यामुळे दोन साइटांमधलं अंतर साधारण १९ इंच, म्हणजे ४९० मिलिमीटरच्या आसपास. माशी ०.१ मिलिमीटर सरकली, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, तर शंभर मीटरवर गोळी २ सेंटीमीटर सरकते. अंगठ्याला जाणवण्याइतकं हलतंय म्हणजे ते ०.१ नक्की नाही, ०.२ किंवा ०.३ असणार. म्हणजे ४ ते ६ सेंटीमीटरचा घोळ, आणि तोही दर गोळीला वेगळा. ली-एनफील्डच्याच नंतरच्या नंबर ४ रायफलीत मागची साइट थेट रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या चौकटीवर) गेली आणि हे अंतर सुमारे २९ इंच झालं, म्हणून त्याच ढिलेपणाची शिक्षा तिथे थोडी कमी होते.

कामाला हात घालण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा आणि चेंबरच्या बाजूने नळीतून उजेड बघा. रिकामी आहे हे माहीत असलेल्या रायफलीचासुद्धा उजेड बघायचा. आणि तुमच्याकडच्या कायद्यानुसार यातलं कोणतं काम मालकाने करायचं आणि कोणतं परवानाधारक कारागिराने, तेही आधी पाहून घ्या. खाली डाख देण्याचं काम सांगितलंय, ते बऱ्याच जणांनी स्वतः न केलेलंच बरं.

आता निदान. मार्क ३ वाल्यांची सगळ्यात जास्त फसगत नोजकॅपपाशी होते. कान नोजकॅपला आहेत, माशी नळीला आहे, आणि ही नळी नोजकॅपमध्ये घट्ट धरलेली नसते. फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या) पुढच्या टोकाला लाकडात एक छोटा स्टड आणि त्याखाली स्प्रिंग असते, ती नळीला खालून वर रेटते. त्यामुळे नळीचं तोंड बोटाने खाली दाबलं तर ते किंचित दबतं आणि सोडलं की परत येतं. ते तसंच व्हायला हवं. माशी दोन कानांच्या मधे हलताना दिसली म्हणून ती ढिली आहे असं ठरत नाही. ती नळीसकट हलते आहे का, एवढंच आधी बघायचं. एका गृहस्थांनी हीच 'ढिली माशी' घट्ट करण्यासाठी नोजकॅपच्या आत पत्र्याची पट्टी ठोकून नळी जाम केली होती. माशी हलायची थांबली, पण नळी तापली की ग्रुप चढत्या जिन्यासारखा वर जायचा.

म्हणून नोजकॅप उतरवा. स्क्रू जुने, खाचा अरुंद आणि उथळ असतात. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत अगदी गच्च बसेल असं घासून घ्या, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, आणि फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर एक हलकी टिचकी मारा. पुढे फोरएंडही काढावं लागलं तर ते काढा, पण दस्त्याला हात लावू नका. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की लाकूड फाटतं. आपल्याला इथे दस्ता काढायचाच नाही, पण एकदा स्क्रूड्रायव्हर हातात आला की माणूस थांबत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

आता नळी उघडी आहे. बैठक आणि पात्याच्या रेषेवर पातळ मशीन ऑइलचा एक बारीक थेंब सुईच्या टोकाने सोडा. तसाच एक थेंब बैठकीची कडी नळीला भिडते तिथे, मागे आणि पुढे. चांगला उजेड घ्या, भिंग असेल तर उत्तम. मग पितळी पट्टीने पातं हळूच डावी-उजवीकडे रेटा आणि तेलाकडे बघत राहा. जो सांधा ढिला आहे तिथलं तेल श्वास घेतं. रेटलं की रेषेतून बारीक बुडबुडा वर येतो, सोडलं की तेलाची चकाकी आत ओढली जाते. घट्ट सांध्यावर तेल नुसतं बसून राहतं. ही चाचणी मला कुठल्याही गेजपेक्षा जास्त आवडते, कारण हात खोटं बोलतो, तेल बोलत नाही. किती हलतंय हे मोजायचं असेल तर डायल गेज लावा. नसेल तर पातं एका बाजूला पूर्ण रेटून त्याच्या कडेपासून बैठकीच्या कडेपर्यंत व्हर्नियरने माप घ्या, मग दुसऱ्या बाजूला रेटून घ्या.

आणि लगेच नेलपॉलिशची एक बारीक रेघ पात्यावरून बैठकीवर आणि दुसरी बैठकीवरून नळीवर ओढा. फोटो काढून ठेवा. पुढे सगळं उघडल्यावर 'मुळात कुठे होतं' हे सांगणारी ती एकच साक्षीदार असते.

बुडबुडा पात्यापाशी आला तर दुखणं डव्हटेलमध्ये, म्हणजे पातं ज्या उतरत्या भिंतींच्या खाचेत आडवं सरकवलेलं असतं तिच्यात आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं. ही सोपी बाजू.

डव्हटेलचा ढिलेपणा बहुतेक वेळा कोणीतरी पातं वारंवार ठोकून सरकवल्याने येतो. कडेला जुने पंचाचे डाग दिसतात का बघा. आयुधागारात झिरो (नेम आणि गोळी एका जागी जुळवणं) झाल्यावर पातं सरकू नये म्हणून ते डाग मारलेले असतात. पुढच्या मालकाने पातं सरकवलं की डाग जागेवर आणि पातं भलतीकडे, असं होतं.

पातं काढताना नळी व्हाइसमध्ये धरा, पण तोंडाजवळ नाही आणि रिसीव्हरनेही नाही. बैठकीच्या जरा मागे, जाड चामडं किंवा शिशाच्या पत्र्याच्या जबड्यात. बैठकीखाली लाकडी ठोकळ्याचा टेकू हवाच. तो नसला तर प्रत्येक ठोका नळी खाते आणि पातं तसूभर हलत नाही. पंच पितळेचा घ्या, टोक सपाट, आणि ते पात्याच्या पायाला लावा, वरच्या पातळ भागाला नाही. सर्वसाधारण रिवाज असा की नेमबाजाच्या जागेवरून पाहताना पातं डावीकडून उजवीकडे निघतं आणि उजवीकडून आत जातं. पण जुन्या लष्करी रायफलीवर रिवाजाचा भरवसा धरू नका. दोन्ही बाजूंनी खाचेची रुंदी मोजा आणि जी बाजू रुंद असेल तिकडून काढा. स्क्रूने ढकलणारा साइट पुशर मिळाला तर हातोडीला हातच लावू नका.

पातं निघालं की दोन्ही तुकडे अ‍ॅसिटोनने धुवा. लाकूड तेव्हा दूर ठेवा. काही जुन्या रायफलींच्या लाकडावर, विशेषतः मोझिन-नागांत या रशियन रायफलींवर, लाखेचं शेलॅक असतं आणि अ‍ॅसिटोनचा एक ओघळ ते साफ उतरवतो. मग खाचेत डोकावा. कधी कधी ढिलेपणाचं कारण उलटंच असतं. खाचेच्या तळाशी वाळलेल्या ग्रीसचा आणि गंजाचा थर असतो, पातं त्यावर टेकून वर उचललेलं असतं, आणि तो थर ओलसर झाला की डुगडुगतं. अशा वेळी नुसत्या सफाईने काम होतं.

सफाईनंतरही ढिलं असेल तर मी एकच नियम पाळतो: जो तुकडा बदलता येतो त्यालाच त्रास द्यायचा. पातं बदलता येतं. बैठक बदलणं कठीण, आणि नळी बदलणं म्हणजे रायफलच बदलणं.

पहिला पर्याय दुसरं पातं. ली-एनफील्डची पाती वेगवेगळ्या उंचीत बनत, पायरी ०.०१५ इंचाची. पायाची रुंदी प्रत्येकाची सहस्रांश इंचाने मागेपुढे असते. चार-पाच जुनी पाती हाताशी असतील तर त्यातलं एखादं तुमच्या खाचेत गच्च बसतं आणि प्रश्न तिथेच संपतो. फक्त उंची तीच हवी. मार्क ३ वर एक पायरी बदलली तर शंभर यार्डावर गोळी पावणेतीन इंचांनी वर-खाली जाते.

दुसरा, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा: पात्याच्या पायाच्या तळाला सेंटर पंचने चार-पाच बारीक टिंबं मारणं. बैठकीला नाही, पात्याच्या तळाला. पंच बसला की खळग्याभोवती धातूची सूक्ष्म कडा वर येते. त्या कडा पात्याला किंचित वर उचलतात आणि खाचेच्या उतरत्या भिंतींमध्ये पाचरीसारखं दाबून धरतात. पातं पोलादी ठोकळ्यावर उलटं ठेवायचं असेल तर वरच्या टोकाला इजा होऊ नये म्हणून त्याचा पाया दोन पट्ट्यांच्या मधे धरा. जास्त घट्ट झालं तर त्या कडा बारीक कानशीच्या एका फेरीने खाली येतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून संग्राहकही कुरकुर करत नाही. पातं कडक पोलादाचं असेल तर पंच नुसता घसरतो. तेव्हा जोर लावू नका, पुढचा पर्याय घ्या.

तो म्हणजे शिम. पितळेचा किंवा पोलादाचा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरचा पत्रा पात्याखाली घालायचा. सोपं आहे, परत काढता येतं, पण एक गोष्ट लोक विसरतात. शिम खाली गेली की पातं तेवढंच वर येतं. ०.०५ ने पातं वर, म्हणजे मार्क ३ वर शंभर मीटरला गोळी सुमारे १ सेंटीमीटर खाली. चालण्यासारखं आहे, फक्त नंतर 'रायफल खाली का मारते' म्हणून मागच्या साइटवर राग काढू नका. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा वापरू नका. तो साधारण ०.१ चा असतो आणि ॲल्युमिनियम मऊ, महिनाभरात चुरगळतं.

खाचेच्या ओठांवर पंच मारून ते आवळणं हा तुमच्या दुसऱ्या मित्राचा सल्ला. तो चुकीचा नाही, पण शेवटचा आहे. ओठ एकदा आवळले की दर वेळी थोडे जास्त आवळावे लागतात आणि एक दिवस कोपरा तुटतो. झिरो झाल्यावर पातं अडवून ठेवण्यासाठी कडेला एक लहानसा डाग, एवढंच मी त्या पंचाला करू देतो.

आता लॉकटाइट. पहिल्या मित्राच्या डोक्यात बहुधा २९० होतं. हिरवं, पाण्यासारखं पातळ, आधीच जोडलेल्या सांध्यात केशाकर्षणाने आपोआप शिरणारं. कल्पना छान आहे. पण हा पदार्थ हवा नसलेल्या जागी, उघड्या धातूच्या स्पर्शाने घट्ट होतो, आणि तुमचा सांधा कित्येक दशकं तेल पीत आलाय. थेंब सोडलात तर तो तेलाच्या थरावर तरंगतो, दोन दिवस घट्ट वाटतो आणि विसाव्या गोळीला सुटतो. मग लोक म्हणतात लॉकटाइट कुचकामी. सांधा उघडून, अ‍ॅसिटोनने धुऊन, हेअर ड्रायरने किंवा हॉट एअर गनने कोमट करून दडलेलं तेल बाहेर घामासारखं आणायचं, पुन्हा धुवायचं, असं दोन-तीनदा केलं आणि मग लावलं, चोवीस तास हात लावला नाही, तर ते उत्तम काम करतं. फट ०.१ मिलिमीटरच्या आत हवी. पुढे कधी काढायचं झालं तर अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की सुटतं, म्हणजे कायमचं नुकसान काही नाही. टिंबं आणि थोडं लॉकटाइट ही जोडी मी सर्रास वापरतो. सुपरग्लू मात्र नको. तापलेल्या नळीवर तो नरम पडतो आणि धक्क्याला ठिसूळ आहे.

नंबर ४ असती तर आधी स्क्रू बघा म्हटलं असतं. तिच्या बऱ्याच बैठकींना चीर दिलेली असते आणि छोट्या स्क्रूने ती आवळून पातं धरलेलं असतं. तो सैल झालेला असतो, बाकी काही नाही. स्प्रिंगफील्ड १९०३ ला पातं आडव्या पिनने धरलेलं असतं आणि त्याचा सरकता पाया वेगळ्या स्क्रूने. तिथे पिन झिजलेली निघते. एम-१ गॅरँडवर माशी नळीला नसतेच, ती गॅस सिलिंडरवर बसते. माशी घट्ट आणि सिलिंडरच नळीच्या खाचांवर डुलतोय, हे तिथलं नेहमीचं.

आता बुडबुडा बैठक आणि नळीच्या मधून आला तर. मार्क ३ ची बैठक म्हणजे नळीवर सरकवलेली कडी. ती फिरू नये म्हणून एक छोटी चावी, आणि पुढे-मागे जाऊ नये म्हणून आडवी पिन. फिरण्याचा खेळ असेल तर चावी झिजली, पुढे-मागे असेल तर पिन, असं ढोबळ समजा. पिन काढण्याआधी दोन्ही टोकांचा व्यास मोजा. फरक दिसला तर ती निमुळती आहे आणि बारीक बाजूनेच ठोकायची. उलटीकडून ठोकलेल्या निमुळत्या पिना मी ड्रिलने काढल्या आहेत आणि ते काम मला अजिबात आवडत नाही, कारण तिथे ड्रिल भरकटलं की ते थेट नळीच्या भिंतीत जातं. पिन ढिली असेल तर भोक एका सूताने नव्हे, रीमरने ०.०५ मिलिमीटरच मोठं करायचं आणि तेवढी जाड पिन करायची. नळीवरची खाच पिनसाठी आधीच कापलेली असते. ती खोल करायची नाही.

बैठकीच्या कडीला तडा आहे का, हे भिंगाखाली बघाच. तडा असेल तर ठोकाठोक तिथेच थांबवा. बैठक बदलायची.

'एक छोटा सेट स्क्रू मारून बैठक नळीवर दाबून टाकू का' असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. नको. नळी तोंडाशी सगळ्यात पातळ आणि गोळी बाहेर पडण्याआधी तिला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. स्क्रूचं टोक बाहेरून दाबलं की आत उंचवटा येतो. घट्ट पॅच (नळी पुसायचा कापडाचा तुकडा) नळीतून हळूहळू ढकलत नेलात तर त्या जागी तो अडकताना हाताला स्पष्ट कळतं. माशी सुधारली आणि नळी बिघडली.

मॉझर ९८ च्या घराण्यात गोष्ट वेगळी. बहुतेकांची बैठक नळीवर कथलाच्या डाखाने बसवलेली असते. कडेला चंदेरी बारीक रेषा दिसली तर तोच डाख. तो सुटला असेल तर पुन्हा डाखच द्यायचा, लॉकटाइट नाही. टिन-चांदीचा ९६/४ डाख २२० अंशांच्या आसपास वितळतो, टिन-शिशाचा ६०/४० त्याहून कमी, १८३ ते १९० ला. नळीच्या पोलादाचं एवढ्याने काही बिघडत नाही. पण जास्त मजबुतीसाठी चांदीचं ब्रेझिंग करायला निघालात तर ६०० च्या वर जावं लागतं, आणि तिथे पोलादाचा कडकपणा आणि नळीच्या आतला पृष्ठभाग दोन्ही पणाला लागतात. रंग हा तुमचा थर्मामीटर. घासलेलं पोलाद फिकट गवती पिवळं झालं की २२० ओलांडलं. निळं पडलं तर तुम्ही ३०० च्या आसपास पोचलात आणि गॅसचा टॉर्च खूप आधी काढायला हवा होता.

जुना डाख कापडाने पुसून काढा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि प्रत्येकाला स्वतंत्र पातळ कल्हई करा. जिथे डाख जायला नको तिथे मऊ पेन्सिल गडद घासून ठेवा, ग्रॅफाइटवर डाख चिकटत नाही. मग बैठक चढवा आणि ज्योत जाड भागावर, म्हणजे नळीवर फिरवत ठेवा. बैठक पातळ असल्याने ती आधीच तापते, तिला वेगळं तापवायची गरज नाही. कडेला चंदेरी रेषा सगळीकडून एकदम 'ओली' झाली की ज्योत बाजूला. आणि फ्लक्स आम्लाचा असेल तर थंड झाल्यावर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, नंतर तेल. हे टाळलंत तर आठवड्याभरात लाल कडा दिसेल.

डाख दिलेली नळी ब्लूइंगला (पोलादाला काळा-निळा थर द्यायला) पाठवताना मी एकदा तोंडघशी पडलोय. गरम ब्लूइंगच्या टाकीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत असतं. डाख तेवढ्यात वितळत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. वितळला नाहीच, कॉस्टिकने तो खाल्ला. टाकीतून नळी वर आली तेव्हा बैठक एका बाजूला लोंबत होती, माझं दोन दिवसांचं काम त्या काळ्या पाण्यात विरघळलेलं. तेव्हापासून डाखाच्या जागी गंज देऊन करायचं सावकाश ब्लूइंग, दुसरं नाही.

बैठक परत बसवताना ती सरळ उभी आहे की कलली, हे डोळ्याने ठरवू नका. यासाठी ओळंबा लागतो, गवंड्याचा असतो तोच. पाच-सहा मीटरवर ओळंबा टांगून दोरी स्थिर होऊ द्या. रिसीव्हरच्या सपाट भागावर छोटी लेव्हल ठेवून रायफल आडवी सरळ करा, व्हाइसमध्ये हलकी धरा. मग मागच्या साइटच्या खाचेतून पुढचं पातं बघा. पात्याची कड दोरीला तळापासून टोकापर्यंत समांतर दिसली पाहिजे. वर दोरीला भिडलेली आणि खाली फट दिसत असेल तर बैठक कललेली आहे. डाख किंवा लॉकटाइट ओलं असतानाच ती फिरवायची असते, म्हणून ओळंबा आधी टांगा, टॉर्च नंतर पेटवा. कललेली बैठक शंभर मीटरला झिरो करता येते, मग तीनशेला रायफल बाजूला मारते आणि कारण सापडत नाही.

मग चाचणी. पहिल्या पाच गोळ्या २५ मीटरवर, फक्त कागदावर बसतायत हे बघायला, आणि नेलपॉलिशच्या रेघा तुटल्या का तेही. त्यानंतर शंभरवर पाच-पाचचे दोन ग्रुप. ढिल्या माशीची एक खूण मी नेहमी बघतो. गोळ्या सरसकट विखुरत नाहीत, दोन पुंजके पडतात, एकाच उंचीवर, मधे रिकामं. पातं एका भिंतीला टेकलं की एक पुंजका, दुसऱ्या भिंतीला टेकलं की दुसरा. दुरुस्तीनंतरही दोन पुंजके असले तर सांधा चुकीचा निवडलात, तेलाच्या थेंबापासून परत सुरू करा. वर-खाली विखुरत असेल तर मात्र माशीला दोष देऊ नका, फोरएंड आणि तो पुढचा स्टड-स्प्रिंग बघा.

झिरो करताना माशी जाते तिकडे, जिकडे गोळी चुकते. गोळी उजवीकडे, तर माशी उजवीकडे. गोळी वर, तर पातं उंच. मागच्या साइटच्या नेमकं उलट, आणि यात कसलेले लोकही चुकतात. किती सरकवायचं ते मोजून काढा: शंभर मीटरवर ६ सेंटीमीटर उजवीकडे मारत असेल तर ६० गुणिले ४९० भागिले १,००,०००, म्हणजे ०.३ मिलिमीटरला थोडं कमी. तेवढं व्हर्नियरवर बघत पुशरने ढकला, अंदाजाने हातोडी नको.

लॉकटाइट लावलं असेल तर ते पक्कं होण्याआधी झिरो होत नाही, ही अडचण आहे. मी आधी फक्त टिंबांच्या घट्टपणावर झिरो करतो, पात्याची जागा सुईने कोरून ठेवतो, मग पातं काढून, धुऊन, लॉकटाइट लावून त्याच रेघेवर बसवतो.

काढलेलं जुनं पातं, जुनी पिन, जुनी चावी फेकू नका. एका पाकिटात घाला, कुठल्या बाजूचं काय होतं, पात्याची उंची किती होती, तारीख, आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते दोन ओळीत लिहा. बट प्लेटच्या झाकणाआड ऑइलच्या डबीशेजारी तेवढं पाकीट मावतं. पुढे जो कोणी ही नळी व्हाइसमध्ये धरेल, त्याला आत लॉकटाइट आहे की डाख, हे टॉर्च पेटवण्याआधी कळेल.